गमावण्यासारखं काही नाही, असं मी समजत होतो

भंडाऱ्यातल्या माझ्या दवाखान्याच्या लेटरहेडवर काही वर्षांपूर्वी मी ‘ओपन हार्ट सर्जरीसाठी अयोग्य’ असं सहज लिहून देत असे. खाली सही आणि शिक्का. ते ठरवायचा अधिकार माझ्या एकट्याचा नव्हता, आणि ज्यांच्यासाठी लिहिलं त्या सगळ्यांच्या बाबतीत ते खरंही नव्हतं. त्या चिठ्ठ्या घेऊन माझे रुग्ण एका नव्या हृदयझडपेच्या चाचणीत गेले. पुढे जे झालं, त्यातला माझा वाटा मला लिहून ठेवायचा आहे. रुग्णालयाचं, झडपेचं किंवा कुणाचंही नाव इथे येणार नाही. ज्या चुका सांगतो आहे त्या माझ्या आहेत.

मी फिजिशियन आहे, हृदयरोगतज्ज्ञ नाही. माझ्याकडे पवनी, लाखांदूर, मोहाडी, साकोलीकडचे धानाचे शेतकरी आणि मजूर येतात, शहरातले पितळी भांड्यांच्या कामात आयुष्य गेलेले कारागीर येतात. ‘दम लागते जी’ ही ओपीडीतली रोजची तक्रार. तिच्यामागे दमा असतो, जुन्या टीबीनं खराब झालेलं फुप्फुस असतं, अंगात रक्त कमी असतं, आणि कधी कधी हृदयाची झडप असते. महाधमनीची झडप आकसली की तिचा आवाज उजवीकडे, गळ्याच्या हाडाखाली दुसऱ्या फासळीजवळ ऐकू येतो आणि वर मानेपर्यंत चढतो. सदरा काढायला लावून तिथे नीट कान देणं दोन मिनिटांचं काम आहे. गर्दीच्या दिवशी मी ते करत नसे. म्हातारा माणूस, दम लागतो, बिडी ओढतो, म्हणजे दमा. पंप लिहून दिला, पुढचा पेशंट. नंतर ज्यांना मी ‘अयोग्य’ म्हणून पाठवलं, त्यांच्यातले काही जण या पंपाच्या वर्षांत ऑपरेशन सोसण्याइतके धडधाकट होते. आवाज मी वेळेवर ऐकला नाही आणि मग उशीर झाला म्हणून त्यांना नव्या उपकरणाकडे पाठवलं.

या आजारात उशीर परवडत नाही. वयानुसार झडपेवर कॅल्शियम साचतं, पाकळ्या कडक होतात, हृदयाला अरुंद फटीतून रक्त ढकलावं लागतं. रॉस आणि ब्राउनवाल्ड यांनी १९६८ साली मांडलेला हिशेब आम्ही सगळेच शिकलो : छातीत दुखायला लागल्यापासून सरासरी ५ वर्षं, चक्कर येऊन पडायला लागल्यापासून ३, आणि हृदय थकून दम लागायला लागला की २. गोळ्यांनी झडप उघडत नाही. लघवीच्या गोळीनं पायांची सूज उतरते, रात्री जरा झोप लागते, एवढंच. खरा इलाज झडप बदलणं. म्हणजे छातीचं हाड कापायचं, हृदय थांबवायचं, तोवर रक्त यंत्रावर फिरवायचं. ८० वर्षांच्या, मूत्रपिंडं थकलेल्या माणसाला सर्जन हात लावायला कचरत आणि घरी पाठवत.

अशाच घरी पाठवण्याजोग्या माणसावर पहिला प्रयोग झाला. फ्रान्समधल्या रुआं शहरात आलँ क्रिबिए यांनी १६ एप्रिल २००२ रोजी ५७ वर्षांच्या एका रुग्णाच्या शिरेतून नळी नेऊन हृदयात झडप बसवली. सर्जननी त्याला नाकारलं होतं. धातूच्या जाळीत शिवलेल्या, गायीच्या हृदयावरणापासून केलेल्या पाकळ्या घडी घालून फुग्यावर बसवायच्या, आत नेऊन फुगा फुगवायचा. त्याआधी डेन्मार्कच्या हेनिंग रुड आंडरसन यांनी १९८९ मध्ये डुकरांवर ही कल्पना करून पाहिली होती. क्रिबिएंच्या रुग्णाचा रक्तदाब सुधारला, तो बोलू लागला. सुमारे चार महिन्यांनी तो गेला, पण पायाचा रक्तपुरवठा बंद पडून वाढत गेलेल्या गुंतागुंतीमुळे. झडप शेवटपर्यंत नीट चालत होती.

झडप नीट आणि माणूस गेलेला. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्यात फक्त झडपेचं यश दिसलं होतं.

मग ‘पार्टनर’ नावाची मोठी चाचणी झाली, तिचा निष्कर्ष २०१० साली आला. ज्यांचं ऑपरेशन होऊच शकत नाही अशा ३५८ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. नेहमीच्या उपचारांवर ठेवलेल्यांपैकी ५०.७ टक्के वर्षभरात दगावले, नळीवाटे झडप बसवलेल्यांपैकी ३०.७ टक्के. हृदयरोगाच्या जगात एवढा फरक क्वचित दिसतो. पण त्याच कागदात दुसरेही आकडे आहेत. पहिल्या महिन्यात मोठा लकवा झडप बसवलेल्यांत ५ टक्क्यांना झाला, दुसऱ्या गटात १.१ टक्क्यांना. आणि ‘ऑपरेशन होऊच शकत नाही’ म्हणजे काय, तेही तिथे पक्कं ठरवलेलं होतं. ऑपरेशननंतर ३० दिवसांत मृत्यूची किंवा कधीच भरून न येणाऱ्या हानीची शक्यता ५० टक्के किंवा जास्त असायला हवी, आणि त्यावर किमान दोन सर्जनचं एकमत हवं.

दोन सर्जन. इथे मी एकटा फिजिशियन लेटरहेडवर निकाल देत होतो.

आता आपल्याकडेही अशा झडपा तयार होतात. गुजरातमधल्या वापीच्या मेरिल कंपनीच्या ‘मायव्हाल’ला भारतात २०१८ मध्ये परवानगी मिळाली आणि परदेशी झडपांशी तिची तुलना करणारा ७६८ रुग्णांचा अभ्यास २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. मी सांगतो आहे तो अभ्यास वेगळा. मोठ्या शहरातल्या एका रुग्णालयातून ओळखीच्या डॉक्टरांचा फोन आला : नवी झडप आहे, ऑपरेशन न झेपणाऱ्यांसाठी, तुमच्याकडे असे पेशंट असतील ना? होतेच. मला मनापासून आनंद झाला. वर्षानुवर्षं ज्यांना ‘काळजी घ्या’ म्हणून परत पाठवलं त्यांच्यासाठी काहीतरी आलं होतं. त्या आनंदात मी एक गोष्ट धरून चाललो : या लोकांकडे दुसरा इलाज नाही, म्हणजे यांच्याकडे गमावण्यासारखंही काही नाही. पुढची प्रत्येक चूक या समजुतीतून झाली.

पितळेच्या कामातले एक गृहस्थ होते, साठी ओलांडलेले. इकोत झडप पार आवळलेली. नागपूरला सर्जनकडे जा म्हटलं तर म्हणाले, “मले छाती फाडाची नाई जी. मेलो त घरी मरन.” मी लिहिलं, अयोग्य. चाचणीच्या रुग्णालयातल्या सर्जननी तपासून मला फोन केला. फुप्फुसं बरी, मूत्रपिंडं बरी, चालत जिना चढतात. यांना काय म्हणून अयोग्य ठरवलंत? माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते ऑपरेशनला भीत होते आणि खर्चालाही, पण मी त्यांच्याशी दोन्हींबद्दल धड बोललो नव्हतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत झडपेचं ऑपरेशन होऊ शकतं हे मला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं. नवी झडप किती वर्षं टिकेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि या माणसापुढे अजून बरीच वर्षं होती. सर्जननी हटकलं नसतं तर माझ्या एका ओळीमुळे ते चुकीच्या चाचणीत गेले असते. पुढे योजनेतूनच त्यांचं ऑपरेशन झालं.

संमतीच्या वेळी मी जे केलं ते याहून वाईट होतं. गावाकडचे लोक मोठ्या रुग्णालयात बुजतात, म्हणून मी कधी कधी त्यांच्यासोबत जायचो. माहितीपत्रक मराठीत होतं, पण लांबलचक, आणि त्यातली मराठी आमच्याकडच्या माणसाच्या तोंडची नव्हती. मग मीच समजावायचो. “काकाजी, गोसेखुर्दचं एक गेट गंजून अर्धंच उघडलं तर पाणी मागं तुंबन का नाई? तसं तुमचं रक्त तुंबते. आता जांघेतून नळी घालून नवं गेट बसवतीन. छाती फाडाची नाई, पैसा बी नाई लागत.” त्यांना पटायचं. मलाही वाटायचं, किती सोपं करून सांगितलं. यात हे गेट अजून पारखलं जातंय, तुमच्या अंगात बसवूनच पारखलं जाणार आहे, हे वाक्य कुठेच नव्हतं. लकव्याची शक्यता मी ‘क्वचित त्रास होतो’ यात गुंडाळायचो. लोक म्हणायचे, “तुमी म्हंता त बराबरच असन,” आणि अंगठा लावायचे.

अंगठा लावणाऱ्याच्या संमतीला चाचणीशी संबंध नसलेला निःपक्ष साक्षीदार लागतो. त्या जागेवर माझी सही आहे. ज्यानं रुग्ण पाठवला, ज्याला चाचणीबद्दल उत्साह, ज्याच्या औषधावर ते घर पंधरा-वीस वर्षं चाललेलं, तो निःपक्ष कसा? जागतिक वैद्यकीय संघटनेच्या हेलसिंकी जाहीरनाम्यात, १९६४ पासून सुधारत आलेल्या त्या दस्तऐवजात, नेमकं हेच बजावलेलं आहे : रुग्ण डॉक्टरवर अवलंबून असेल तर संमती त्या नात्याबाहेरच्या माणसानं घ्यावी. ते मी नंतर वाचलं. आधी वाचलं असतं तरी तेव्हा ते माझ्यासाठी आहे असं मला वाटलं नसतं. लोक माझ्यावर विश्वास ठेवतात ही गोष्ट मी चांगलीच मानत आलो होतो.

एक माळकरी काकाजी होते. घरात पिढ्यान् पिढ्या माळ, मांसमच्छी वर्ज्य, गाईला रोज पहिला घास. झडप बसली आणि त्यांचा दम खरोखर गेला. आंब्याच्या दिवसांत स्वतः पिशवी घेऊन दवाखान्यात आले, मला फार समाधान वाटलं. पुढे कधीतरी फार्मसी शिकणाऱ्या नातवानं घरातली फाइल चाळली आणि झडपेच्या कार्डावरचा शब्द आजोबांना उलगडून सांगितला. ते पुन्हा आले ते गळ्यात माळ नसताना.

“डॉक्टरसाहेब, आंगात गाईचं चामडं बसवलं म्हंते. खरं का?”

मी हो म्हटलं. चामडं नव्हे, हृदयाभोवतीचा पडदा असतो, त्यावर प्रक्रिया केलेली असते, असंही सांगू लागलो. त्यांनी हातानंच थांबवलं.

“तुमाले मालूम होतं?”

“होतं.”

“मंग सांगाचं होतं जी. मी महाराजाले इचारलो असतो. कदाचित हो बी म्हनलो असतो.”

माहितीपत्रकात ते लिहिलेलं होतं. पण वाचून दाखवताना त्या ओळीशी मी थांबलो नाही. त्यांच्या गळ्यातली माळ मला दिसत होती, म्हणूनच थांबलो नाही. सांगितलं तर नाही म्हणतील आणि मरतील, ही माझी भीती. संपूर्ण कृत्रिम झडपा असतात. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेनं बनवलेली, डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा बसवली गेलेली चित्रा झडप तशीच. पण ती छाती उघडूनच बसवावी लागते आणि जन्मभर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागतात. म्हणजे या काकाजींना ती मिळणार नव्हतीच. गाईच्या पडद्याची झडप किंवा काहीच नाही, एवढेच दोन रस्ते. तरी त्यातला कोणता धरायचा हे त्यांना त्यांच्या महाराजांना विचारून ठरवायचं होतं, आणि तो हक्क मी त्यांच्या जिवाची काळजी म्हणून काढून घेतला. त्यांच्या महाराजांनी पुढे त्यांची समजूत घातली, त्यांनी माळ पुन्हा घातली असं नातवाकडून कळलं. माझ्याकडे ते आता येत नाहीत. दुसऱ्या डॉक्टरांकडे जातात.

लाखांदूरकडच्या एका आजींचं प्रकरण मी सगळ्यात उशिरा समजलो. झडप बसून त्या घरी आल्या. चाचणीच्या वेळापत्रकाप्रमाणे तपासणीला जायचं होतं आणि नेमकी रोवणी लागली. अख्खं घर बांधीत, मुलगा म्हणाला, आता कोन घेऊन जाते? रुग्णालयातून कोऑर्डिनेटर मुलीचे फोन माझ्याकडे यायला लागले : सर, पेशंट आल्या नाहीत, निदान कशा आहेत तेवढं कळवाल का? मी मुलाला फोन केला. तो म्हणाला, “बरं हाय जी, जेवते-खाते.” मी तिकडे कळवलं, रुग्ण ठीक आहेत, तक्रार नाही. माझ्या शब्दावर त्यांनी तसं नोंदवलं.

पावसाळा सरल्यावर त्या बाजूला एका आरोग्य शिबिरासाठी जाणं झालं, तेव्हा त्यांच्या घरी डोकावलो. आजी ओसरीत तांदूळ पाखडायला बसल्या होत्या. सूप डाव्या हातानं धरलेलं, उजवा कोपर नुसता कडेला टेकवलेला, आणि झटका दिला की सूप तिरपं होऊन अर्धे दाणे जमिनीवर. सून शेजारी बसून ते मुकाट्यानं गोळा करत होती, रोजचं असल्यासारखं. मी आजींना माझी दोन बोटं घट्ट धरायला सांगितलं. डाव्या हाताची पकड चांगली होती. उजव्या हाताची बोटं नुसती टेकली.

झडप बसवून घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात एका सकाळी हात जड झाला होता, तोंड थोडं वाकडं झालं होतं. तोंड सरळ झालं, हात राहिला. मुलाला मी जरा रागानंच विचारलं, मला फोनवर का सांगितलं नाही? तो खाली बघत म्हणाला, “फुकटात येवढं मोठं काम करून देल्लं त्याइनं. आता नावं कायले ठेवाची? तुमाले बी वाईट वाटलं असतं.”

त्याचं उत्तर ऐकून मला तिथे ओसरीत बसावं लागलं. ‘पैसा लागत नाही’ हे मीच त्यांना सर्वांत आधी आणि सर्वांत ठसवून सांगितलं होतं. ज्याला दान मिळालंय असं वाटतं तो माणूस तक्रार करत नाही, आणि चाचणी तर तक्रारींवरच चालते. नवी झडप बसवल्यावर किती जणांना लकवा होतो, हे मोजण्यासाठीच हा सगळा खटाटोप. आजींचा हात ही त्या चाचणीतली सर्वांत मोलाची माहिती होती आणि ती माझ्या ‘ठीक आहेत’खाली दबली. असे आणखी चार डॉक्टर चार गावांतून ‘ठीक आहेत’ कळवू लागले, तर झडप कागदावर निर्धोक ठरेल आणि पुढच्या हजारो लोकांना तो कागद दाखवून बसवली जाईल. आजींचंही नुकसान झालंच. पहिल्या दिवसांतच मेंदूचा स्कॅन आणि हाताचा व्यायाम सुरू झाला असता तर हात किती आला असता, ते आता कुणी सांगू शकत नाही. लकवा झडपेमुळेच झाला असंही मी छातीठोक म्हणू शकत नाही. ते ठरवायला जी तपासणी वेळेवर व्हायला हवी होती, ती झाली नाही.

त्याच दिवशी मी रुग्णालयाला कळवलं, आणि नंतर लेखी जबाब दिला : मी रुग्णाला न पाहता ‘ठीक’ म्हटलं, अमुक संमतीपत्रांवर साक्षीदार म्हणून माझी सही आहे, ती तशी असायला नको होती. नोंद दुरुस्त झाली. नैतिक समितीनं माझ्याकडून गेलेल्या रुग्णांची संमती त्रयस्थ माणसाकडून पुन्हा घ्यायला लावली. ओळखीच्या डॉक्टरांना माझा जबाब आवडला नाही, त्यांना त्याचा मनस्ताप झाला. मला त्याचं वाईट वाटलं, पण तो जबाब मी मागे घेतला नसता.

आता मी चिठ्ठीवर फक्त काय ऐकलं आणि काय पाहिलं ते लिहितो. योग्य-अयोग्य तिकडची मंडळी ठरवतात. संमतीच्या खोलीत मी जात नाही. झडप बसवून आलेल्यांना ‘कसं आहे’ विचारत नाही. पेला उचलायला लावतो, सदऱ्याची बटणं लावायला लावतो, दोन्ही हातांनी.

त्या फेरसंमतीच्या वेळी तुमसरकडच्या एका मायचा नंबर लागायचा होता. सगळी तपासणी झालेली, तारीख जवळ आलेली. त्रयस्थ बाईंनी तिला गायीचा पडदा, लकवा, झडप नवी असल्याचं, सगळं सांगितलं. माय घरी परतली आणि दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन माझ्याकडे आली. “तुमी काय म्हंता?” मी ‘पार्टनर’मधले मृत्यूचे आणि लकव्याचे आकडे तिच्यापुढे ठेवले : झडप न बसवता शंभरातली निम्मी वर्षभरात जातात, बसवून तिसेक जातात, आणि बसवणाऱ्यांत पाच जणींचा हातपाय जाऊ शकतो, हे आकडे जुन्या झडपेचे आहेत, या झडपेचे अजून कुणाकडे नाहीत. मग ती मला जे म्हणाली ते आधीच्या एकाही रुग्णानं म्हटलं नव्हतं, कारण मी ते म्हणण्याची जागाच ठेवली नव्हती. ती म्हणाली, मी एकटीनं राहते, माझं मी करून खाते, हात गेला त मले कोन भरवन? तिनं नकार दिला.

धानाची कापणी तिनं पाहिली, नातीच्या लग्नाला गेली, आणि उन्हाळा लागायच्या आत वारली. मुलगी रडत मला म्हणाली, साहेब, तुमी हो म्हनलं असतं त मायनं झडप बसवली असती, तिनं तुमचं आयकलं असतं. ते खरं आहे. मी नुसतं हो म्हटलं असतं तर ती रुग्णालयात गेली असती, झडप बसली असती, आणि कदाचित आजही दोन्ही हातांनी चूल पेटवत असती. मुलीला मी हेच सांगितलं, आणि हेही सांगितलं की तिच्या मायनं मला पुन्हा विचारलं असतं, तरी मी पुन्हा तेच आकडे सांगितले असते.